न दमणारा वाजवणारा

लातूरच्या औसा रस्त्याने किंवा नांदेडच्या श्रीनगरातून रात्री दहानंतर पायी निघालात, तर एखाद्या खिडकीतून ढोलकी कानावर पडण्याचा संभव आहे. आवाज खणखणीत, ठेका पक्का, लय घड्याळासारखी. पण मान वर करून पाहावे तर खिडकीत ना ढोलकी, ना ढोलकीवाला. एक टेबल, त्यावर लॅपटॉप, दोन बाजूंना दोन लहानसे स्पीकर, आणि समोर विशीतला एक मुलगा डोळे बारीक करून पडद्यावरच्या चौकटी भरीत बसलेला. स्वयंपाकघरातून आईची तिसरी हाक येते, "अरे, पोळ्या गार झाल्या!" आणि मुलगा उत्तर देतो, "आलो गं, एवढा समेचा 'धा' बसवतो."

ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा अशी मुलगी आहे त्या वाचकांना हे चित्र नवे नाही. इतरांनी एवढेच समजून घ्यावे की गाणे ध्वनिमुद्रित करणे ही आता घरातली गोष्ट झाली आहे. एके काळी आमच्या भागातल्या गायकाला आपला आवाज टेपवर उतरलेला ऐकायचा तर परभणीचे आकाशवाणी केंद्र गाठावे लागे, नाही तर पुण्या-मुंबईच्या स्टुडिओचे भाडे भरावे लागे. आज भीमजयंतीचे गाणे, गणपतीची आरती, बहिणीच्या लग्नातली मंगलाष्टके, भजनी मंडळाचे अभंग, सारे दहा बाय दहाच्या खोलीत तयार होते. गायचे स्वतः. पेटी मामा वाजवतात. गिटार वर्गमित्राकडे असते. अडते ते तालापाशी. रात्री अकराला ढोलकीवाला कुठून आणायचा? आणलाच तर त्याची बिदागी कोण देणार? आणि पहिली थाप पडताच खालच्या मजल्यावरचे बिऱ्हाड वर येऊन उभे राहील, त्याचे काय? म्हणून तालाचे काम कॉम्प्युटरवर सोपवले जाते. त्यासाठीचे सॉफ्टवेअर काही फुकट मिळते, काही विकत. आणि पहिल्या दहा मिनिटांत त्यातून ठेका निघतोही. तो खरा वाटत नाही, ही गोष्ट अकराव्या मिनिटाला ध्यानात येते.

ह्या अकराव्या मिनिटापासून पुढे काय होते, त्याबद्दल मला लिहायचे आहे. मी कॉलेजात मराठी शिकवतो. तबल्या-ढोलकीशी माझा संबंध ऐकण्यापुरता. पण गेल्या दीड वर्षात माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या ह्या उद्योगात मी असा गुंतलो आहे की वृत्ते शिकवताना लघु-गुरूच्या खुणांऐवजी फळ्यावर चौकटी काढू लागलो आहे, आणि वर्गातल्या मुली एकमेकींकडे पाहून हसतात.

यंत्राकडून ताल धरवून घेण्याची हौस जुनीच आहे. तरी आजच्या सॉफ्टवेअरचे आजोबा शोधायचे तर १९८० सालापाशी थांबावे लागते. त्या वर्षी अमेरिकेतल्या रॉजर लिन ह्या गिटार वाजवणाऱ्या गृहस्थाने 'एलएम-१' नावाचे यंत्र काढले. खऱ्या ड्रमचे आवाज मुद्रित करून यंत्राच्या स्मृतीत साठवायचे आणि बटण दाबले की तेच आवाज बाहेर काढायचे, ही कल्पना ड्रमच्या यंत्रात तिथे प्रथम आली. त्याच वर्षी जपानच्या रोलंड कंपनीचे 'टीआर-८०८' निघाले. त्यात खरा ड्रम औषधालाही नव्हता. सगळा आवाज विजेच्या मंडलांतून घडवलेला. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजितसिंग यांनी १९८२ साली ह्याच यंत्राच्या ठेक्यावर दहा रागांची एक तबकडी काढली. त्या वेळी तिची फारशी दखल कोणी घेतली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा तिकडचे जाणकार चकित झाले. १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून 'मिडी' नावाची एक समाईक भाषा ठरली, आणि १९९७ साली बेल्जियममधून 'फ्रूटी लूप्स' आले. तेच पुढे 'एफएल स्टुडिओ' झाले. आमच्याकडच्या कितीतरी पोरांची बाराखडी ह्याच पाटीवर गिरवली गेली आहे.

आपल्याकडे गायकांच्या रियाझासाठी बंगळूरच्या राडेल कंपनीची 'तालमाला' होतीच. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. रियाझ करणाऱ्याला न हलणारा, न रुसणारा, पहाटे पाचलाही तयार असलेला ठेका हवा असतो आणि तो ती देते. आरशाने आपल्याशी गप्पा माराव्यात अशी अपेक्षा कोणी करीत नाही. गाण्यातला ठेका मात्र गाण्याशी बोलला पाहिजे. भांडण तिथे आहे.

आता पडद्यावर काय दिसते ते सांगतो. आडव्या ओळी म्हणजे बोल: एक ओळ 'धा'ची, एक 'ना'ची, एक 'गे'ची. उभ्या रेघा म्हणजे काळ. केरवा घ्या. धा गे ना ति न क धि न, मात्रा आठ. ज्या रकान्यात जो बोल हवा तिथली चौकट रंगवायची. आठ मात्रांचा हा तुकडा एकापुढे एक चिकटवीत गेले की तीन मिनिटांचे गाणे भरून निघते. प्रत्येक चौकटीला जोराचा एक आकडा असतो, १ पासून १२७ पर्यंत. त्याला 'व्हेलॉसिटी' म्हणतात. आपण काही सांगितले नाही तर सॉफ्टवेअर सगळ्या चौकटींना एकच आकडा वाटून मोकळे होते. म्हणजे समेचा 'धा' जेवढा ठसठशीत तेवढाच आडोशाचा 'क'. शिवाय प्रत्येक चौकट रेघेवर अगदी काटेकोर वाजते. हाताने बोटे आपटून ठेका भरला तरी 'क्वांटाइझ' नावाचे एक बटण असते. ते दाबले की पुढे-मागे पडलेले सारे बोल शाळेच्या कवाइतीतल्या पोरांसारखे रांगेत उभे राहतात.

हे ऐकायला कसे लागते ते सांगायला मला माझ्याच वर्गातले उदाहरण जवळचे. भुजंगप्रयात म्हणजे चार 'य' गण: लघु गुरु गुरु, लघु गुरु गुरु. मनाचे श्लोक ह्याच वृत्तात आहेत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ते म्हणायला सांगितले की तो मालगाडीसारखा निघतो. प्रत्येक लघु सारखा, प्रत्येक गुरु सारखा, डब्यामागून डबा. वृत्तात चूक एकही नाही, आणि अर्थ कुठेच नाही. घरात एखादी आजी तेच श्लोक म्हणते तेव्हा वृत्त कुठेही मोडत नाही. पण एका शब्दावर ती किंचित रेलते, दुसऱ्यावरून घाईने जाते, आणि चरण संपता संपता श्वास घेते. छंदःशास्त्राच्या पुस्तकात त्या रेलण्याला चिन्ह नाही. पडद्यावरच्या चौकटींतही नाही. पण चौकटींच्या आकड्यांतून ते लिहिता येते, हाच ह्या सॉफ्टवेअरचा मोठेपणा. लिहिण्याआधी ते ऐकलेले असले पाहिजे, एवढीच अट आहे.

आमच्या विद्यार्थ्याला हलगी हवी होती. गाणे त्याने स्वतःच रचलेले, जयंतीच्या मिरवणुकीचे. वामनदादा कर्डकांची गाणी ज्या वस्तीत लहानपणापासून कानावर पडली तिथला हा मुलगा. शब्दांत तो कमी पडत नाही. पण त्याच्या हलगीचा ठेका ऐकून मिरवणूक जागची हलत नव्हती. त्याने आकडे बदलून पाहिले, निराळे आवाज उतरवून पाहिले, आणि शेवटी एका रविवारी आम्ही दोघे लॅपटॉप पिशवीत घालून अहमदपूर तालुक्यातल्या एका गावी गेलो. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या ह्या पट्ट्यात अजून हलगी वाजवणारी जुनी माणसे आहेत. त्यांतल्या एका सत्तरीच्या गृहस्थांकडे आमची ओळख निघाली होती. सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणालो.

आबांनी पूर्ण गाणे ऐकून घेतले. मान डोलावली नाही, नाकही मुरडले नाही. गाणे संपल्यावर विचारले, "का रे बाबा, ह्यो वाजवणारा दमत न्हाई का?"

"आबा, ते यंत्र आहे," मुलगा म्हणाला.

"आरं पर गाणं तर माणसाचंच हाय की."

मग त्यांनी जे सांगितले ते मी येताना एसटीत लिहून काढले. हलगी एका हातातल्या जाड टिपराने आणि दुसऱ्या हातातल्या बारीक लवचिक काडीने वाजते. मोठा ठोका टिपराचा, भरण काडीची. मिरवणूक चार तास चालते. पहिल्या तासाला हात मोकळा असतो, काडी भरभरून बोलते. हात भरून आला की वाजवणारा लय कमी करीत नाही. तो मधले ठोके खातो. आबांच्या शब्दांत, "मधलं खातो पर समेला खात न्हाई. समेला खाल्लं तर नाचणारा पडंल." आणि चौक जवळ आला की दमलेला हातही पुन्हा चढतो, कारण चौकात माणसे उभी असतात.

ह्या दहा वाक्यांनी आमच्या विद्यार्थ्याचे दोन महिन्यांचे काम केले. घरी येऊन त्याने टिपराचे ठोके ११० च्या आसपास ठेवले, काडीचे ३५ ते ५० मध्ये उतरवले. दुसऱ्या कडव्यात काडीचे काही ठोके पुसले. तिसऱ्यात आणखी पुसले. ध्रुवपदाकडे येताना शेवटच्या दोन मात्रांत ते सगळे परत आणले आणि जोर चढवत नेला. आकड्यांची ही खटपट पाहणाऱ्याला कंटाळवाणी वाटेल, पण मी त्या रात्री शेजारी बसून होतो. दुसऱ्या कडव्यात काडी विरळ झाली त्या क्षणी खोलीत कोणीतरी वाजवतो आहे असा भास झाला. तोवर फक्त काहीतरी वाजत होते.

जोरानंतरचा प्रश्न वेळेचा. मिनिटाला शंभर मात्रांची लय धरली तर एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या सहा दशांशांची. तिचे चार भाग केले की प्रत्येकी १५०. कसलेला वादकसुद्धा ह्या रेघांच्या पुढे-मागे दहा-वीस मिलिसेकंद जातो. कानाला ते वेगळे असे कळत नाही. नुसते बरे वाटते. सॉफ्टवेअर करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे, म्हणून बहुतेकांत 'ह्यूमनाइज' नावाचे बटण असते. ते दाबले की यंत्र सगळे ठोके फासे टाकल्यासारखे थोडे थोडे विस्कटते. नवशिक्यांना ह्या बटणाचे फार कौतुक. मला ते पाहून नाटकातल्या दारुड्याची आठवण होते: खरा प्यालेला माणूस सरळ चालण्याचा प्रयत्न करतो, आणि वाईट नट मुद्दाम झोकांड्या खातो.

ह्याला शास्त्राचाही आधार आहे. जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०११ साली घाना देशातल्या एका व्यावसायिक तालवादकाच्या ठोक्यांची मोजदाद करून एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात दिसले ते असे की माणसाचे पुढे-मागे होणे फाशासारखे नसते. ह्या ठोक्याला झालेला उशीर पुढच्या कितीतरी ठोक्यांशी धागा राखून असतो. वादक काही काळ पुढे झुकतो, मग हळूहळू मागे रेलतो. ऐकणाऱ्यांना दोन नमुने ऐकवले, एक फाशाने विस्कटलेला आणि एक अशा धाग्याने हललेला, तेव्हा पसंती धाग्याच्या बाजूने पडली. आमच्या गावच्या भजनात मृदंगवाला गजर चढताना पुढे झुकतो आणि अभंग पुन्हा संथ चरणावर आला की मागे टेकतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. तेव्हा बटण न दाबता हाताने करावे हे बरे: कडव्यात तालाला तीन-चार मिलिसेकंद मागे ठेवावे, ध्रुवपदात तेवढेच पुढे. पाश्चात्त्य ड्रमचा ठेका असेल तर दोनावर आणि चारावर पडणारा 'स्नेअर' केसभर उशिरा ठेवला की ऐटबाज वाटतो. रॉजर लिनच्या त्या पहिल्या यंत्रातही एकाआड एक ठोका जरा उशिरा पाडून झोकदार चाल आणण्याची सोय होती, हे इथे सांगण्यासारखे आहे.

एक गंमत हिशेबाची. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. मिरवणुकीत हलगी तुमच्या दहा मीटर पुढे असेल तर तिचा ठोका तुमच्या कानी जवळजवळ ३० मिलिसेकंद उशिरा येतो. म्हणजे ताशेवाला आणि हलगीवाला कितीही तोलून वाजवोत, रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला ते नेमके एकत्र कधीच ऐकू येत नाहीत. आपल्या आठवणीतली मिरवणूक अशी थोडी फाटलेलीच असते. कॉम्प्युटरवर चार वाद्ये एकाच रेघेवर ठेवली की ती मिरवणूक राहत नाही, कपाटात ठेवलेली खेळणी होतात.

हातांचा हिशेब मात्र नवशिके हटकून विसरतात. यंत्राला हात नाहीत, त्यामुळे त्याला किती हात आहेत हे ते विचारीतही नाही. पाश्चात्त्य ड्रम वाजवणाऱ्याला दोन हात आणि दोन पाय. एका हाताने तो 'हाय-हॅट'ची झांज धरतो, दुसऱ्याने 'स्नेअर', एका पायाने मोठा ढोल. मोठी झांज दणकन मारायची तर एक हात तिकडे गेला; त्या क्षणी हाय-हॅट गप्प बसली पाहिजे. कॉम्प्युटरवर सगळे एकदम वाजते आणि ऐकणाऱ्याला कळत नाही काय खटकते, पण खटकते खरे. ढोलकीचे आणखी नाजूक. डाव्या हाताचा तळवा कातड्यावर घासून स्वर वर चढवतात, तो घिस्सा चालू असताना तोच हात दुसरा ठोका मारू शकत नाही. आणि 'धा'ची आस रेंगाळते, पण पुढच्या बंद बोलाने ती तुटते. सॉफ्टवेअरमध्ये ही तोड सांगावी लागते. न सांगितल्यास 'धा'ची आस 'क'च्या अंगावरून वाहत जाते आणि ढोलकी ओल्या घमेल्यासारखी वाजते.

मी विद्यार्थ्याला एक सोपी परीक्षा सुचवली आहे, आणि ती वाचकांच्या घरच्या कलावंतांनाही सांगून ठेवतो. भरलेला ठेका ऐकत स्वतः मांडीवर वाजवून पाहावा. जिथे हात पोचत नाही किंवा दोन हात कमी पडतात, तिथली चौकट पुसून टाकावी.

आता आवाजांचे. एकच मुद्रित ठोका भरभर पुनःपुन्हा वाजवला की बंदुकीच्या फैरीसारखा आवाज येतो, कारण खऱ्या वाद्यावर कोणतेही दोन ठोके तंतोतंत सारखे नसतात. म्हणून चांगल्या संचात एकाच बोलाचे चार-पाच ठोके मुद्रित केलेले असतात आणि सॉफ्टवेअर ते आळीपाळीने वाजवते. शिवाय हळू आणि जोरदार ठोक्यांचे आवाज वेगळे घ्यावे लागतात. हळू मारलेली हलगी म्हणजे जोरदार हलगीचा आवाज लहान केलेली हलगी नव्हे. तिचा रंगच निराळा. तबला, ढोलक, ढोलकी यांचे असे संच विकत मिळतात. आमच्या मुलाला हलगीचे जे मिळाले ते तयार ठेक्यांचे तुकडे होते. कोणीतरी कुठेतरी वाजवून ठेवलेले, आणि आपल्या गाण्यात नेमका हवा तिथे न वळणारे.

तेव्हा संच आपणच करायचे ठरले. आबांना लातूरला आणले. खोलीच्या भिंतींना गोधड्या लावल्या, पंखा बंद केला, फ्रिजची पिन काढली. आबांनी आधी अंगणात कागद पेटवून हलगी शेकली, कारण कातडे सर्द झाले की आवाज बसतो. ती गार होत जाईल तसा स्वर उतरत होता. म्हणून दर वीस मिनिटांनी अंगणात जाऊन पुन्हा शेकावी लागे. एक मायक्रोफोन हातभर अंतरावर, दुसरा खोलीच्या कोपऱ्यात. चार जोर, प्रत्येकाचे पाच ठोके, बोल पाच. म्हणजे शंभर ठोके, सुटे सुटे, मध्ये पूर्ण शांतता ठेवून. सर्वांत अवघड गेले ते हेच. सुटा ठोका मारणे आबांना जमेना. ठेक्यावाचून हात उचलायचा कसा? पन्नास वर्षे ज्या हातांनी चालता चालता वाजवले, त्यांना बसून, थांबून, एक ठोका मारून गप्प राहायला आम्ही सांगत होतो. शेवटी मुलाने युक्ती केली. आबांनी मनात ठेका धरायचा, आवर्तन तोंडाने न उच्चारता चालवायचे, आणि हवा तो ठोका फक्त प्रत्यक्ष मारायचा. मग ठोके आले. त्या मुद्रणात कान देऊन ऐकले तर ठोक्याआधी आबांचा श्वास ऐकू येतो. मुलाने तो साफ केला नाही.

इथवर मी कारागिरीबद्दल बोललो. पण त्या दिवशी जेवताना आबांनी जे विचारले, ते टाळून हा लेख संपवणे बरे दिसणार नाही. "हे आता तुझ्याकडं ऱ्हाईल?" त्यांनी विचारले. मुलगा हो म्हणाला. "म्हंजी मला बोलवायचं काम न्हाई."

प्रश्न त्यांनी रागाने विचारला नव्हता, पण खरा होता. लग्नाच्या वरातीत डीजे आला तेव्हा हलगीची निम्मी कामे गेली, असे ते सांगतात. आता त्यांचाच हात त्यांच्याशिवाय वाजणार. ज्या संगीतकारांना परवडते ते आजही माणसे बसवतात. २०१६ सालच्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले. आमच्या गल्लीतल्या मुलापाशी तो पैसा नाही आणि त्याने गाणेच करू नये असे मी म्हणणार नाही. मधला रस्ता काय?

हलगीचा इतिहासही ह्या प्रश्नात मिसळलेला आहे. मातंग समाजाने हे वाद्य पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, आणि गावाने ते गावकीची चाकरी म्हणून वाजवून घेतले. ठोक्याला दाद मिळाली, वाजवणाऱ्याला ओट्याखालची जागा. असली चाकरी सोडण्याचा विचार बाबासाहेबांनी दिल्यानंतर कित्येक घरांत वाद्ये खुंटीवर गेली, आणि तो स्वाभिमानाचाच भाग होता. त्यामुळे 'कला लोप पावते हो' असा गळा काढायला मला जड जाते. कोणाच्या कलेचे मोल कोणी दिले, हे आधी विचारावे लागते. आबांचा मुलगा बांधकामावर मिस्त्री आहे. त्याने हलगी धरली नाही, आणि त्याला दोष देणारा मी कोण?

पण बिनामोबदला, बिननावाची ही चाकरी आता कॉम्प्युटरच्या आत पुन्हा सुरू होऊ नये. आपल्या कॉपीराइटच्या १९५७ च्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताच्या सादरीकरणावरचे हक्क आले, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणाबरोबर आपले नाव यावे असा आग्रह धरण्याचा हक्कही मिळाला. सुटे ठोके त्यात कसे बसतात ह्याचा कीस वकिलांनी पाडावा. आम्ही साध्या कागदावर लिहिले. मुद्रणाच्या दिवसाची बिदागी लग्नातल्या एका दिवसाइतकी. गाण्यातून जे पैसे येतील त्यात चौथा हिस्सा आबांचा. संच दुसऱ्या कोणाला द्यायचा तर आबांना विचारून. आणि गाण्याच्या नामावलीत 'ताल संयोजन' म्हणून मुलाचे नाव येईल त्याच्या वरच्या ओळीत 'हलगी' म्हणून आबांचे. कागद मी वाचून दाखवला, आबांनी सही केली. त्यांची सही आमच्या दोघांच्या सहीपेक्षा वळणदार निघाली. गाण्यातून अजून सांगण्यासारखे पैसे आलेले नाहीत. बिदागी मात्र त्याच दिवशी रोख दिली.

अर्थात शंभर ठोके हाती आल्याने ठेका येत नाही, हेही पुढच्या महिन्यात कळले. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचा उल्लेख आहे. तिथे मुलाने उत्साहाने सर्वांत भरगच्च ठेका बसवला होता, कारण शेवट आहे आणि शेवट जोरात व्हावा अशी समजूत. आबांना ते फोनवर ऐकवले. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "तितं हलगी वाजत नसती, बाळा." मुलाने पूर्ण चार ओळी तालाशिवाय सोडल्या. नुसती पेटी आणि आवाज. पाचव्या ओळीला काडीचा एकच हलका ठोका, ४० च्या आकड्याचा. आपल्या तबल्यात 'खाली' नावाची जी जागा असते, तीनतालातली नववी मात्रा, जिथे डग्ग्याची घुमारी थांबते आणि ऐकणाऱ्याला आपण आवर्तनात कुठे आहोत ते कळते, तिचा अर्थ मी आजवर पुस्तकातून सांगत आलो होतो. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर ती जागा अगदी साधी दिसते: चार ओळींभर पांढऱ्या चौकटी.

वाचकांच्या घरी ह्या दिवाळीत कोणी असे गाणे करीत असेल, तर पैसे खर्च करण्याआधी एक करावे. नवा संच उतरवून घेण्यापेक्षा जवळच्या भजनात, गोंधळात किंवा जागरणात एक रात्र बसावे आणि वाजवणाऱ्याच्या हातांकडे पाहावे. नांदेडच्या लोकांना तर गुरुद्वाऱ्यात कीर्तनाच्या वेळी तबला शब्दामागे कसा चालतो ते कोणत्याही दिवशी ऐकता येते. गाणारा शब्द उच्चारत असताना तबला किती कमी वाजतो हे पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटेल.

आमचा पुढचा बेत दिमडीचा आहे. तिला पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. घोरपड संरक्षित प्राणी ठरल्यापासून ते बंद झाले, त्यामुळे जुना आवाज कोणाच्या कानात आहे तेही शोधावे लागेल. मार्गशीर्षात लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते, तिथे वाघ्या-मुरळी येतात. गोधड्या, मायक्रोफोन आणि करारासाठी कोरे कागद घेऊन आम्ही जाणार आहोत. आबा बरोबर येतो म्हणाले आहेत. वाघ्यांपैकी कोणाशी तरी आधी ओळख काढून ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे.